बीसीएएचा डबा मुलाला नको
जिमवाल्याने सुचवलेली बीसीएए पावडर (व्यायाम करणाऱ्यांसाठी विकली जाणारी अमायनो आम्लांची पूड) दहा वर्षांच्या वजनदार मुलाला द्यावी का, असं एका पालकांनी विचारलंय. कळकळीने सांगते, नका देऊ. त्यात ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही अमायनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, असतात, आणि लठ्ठ मुलांच्या रक्तात हीच अमायनो आम्लं बऱ्याचदा आधीच वाढलेली आढळतात. मोठ्यांमध्ये तर अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांच्या २०११ च्या अभ्यासात ही वाढ मधुमेहाच्या कित्येक वर्षं आधी दिसली होती. ती कारण की परिणाम, हा वाद सुरू आहे, पण म्हणून वरून भर कशाला घालायची? डाळ, उसळ, अंडी, दुधातून ती मिळतातच.

त्यापेक्षा त्याची मान मागून बघा. घड्यांत काळपट, मखमली, जाडसर कातडी असेल तर मळ समजून घासत बसू नका. इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती बहुधा खूण असते. बालरोगतज्ज्ञांना दाखवून उपाशीपोटीची साखर तपासून घ्या.