केनियाला जाणाऱ्या ६७ वर्षांच्या बाबांना यलो फीव्हरची लस द्यावी का?

नमस्कार. जाणकारांचा सल्ला हवा आहे, थोडी घाई आहे.

भाऊ नोकरीनिमित्त नैरोबीत असतो. गणपती उठले की आई-बाबा तीन आठवड्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहेत. मधे तीन रात्री मसाई मारा अभयारण्य आणि चार दिवस समुद्रकाठचं मोंबासा. तिकिटं काढून झाली. बाबांचा हा पहिलाच परदेश प्रवास आहे. माराचा नकाशा त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

एजंटने लसीचं नावही काढलं नव्हतं. भावाकडून कळलं की केनियातून परतताना यलो फीव्हरच्या (डासांमुळे पसरणारा ताप) लसीचं कार्ड नसेल तर आपल्याकडेच विमानतळावर अडवून सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, आणि कार्ड लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेणाऱ्यांना गंभीर त्रासाचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो, विचार करून ठरवा. आता नेमका कसला विचार करायचा, हेच मला कळत नाहीये.

आई ६२, डायबेटिस, मेटफॉर्मिन चालू. बाबांना बीपीची गोळी रोज आणि संधिवाताची एक गोळी आठवड्यातून एकदा. बाकी दोघं ठणठणीत.

शिवाय मलेरियासाठी शेजारचे काका क्लोरोक्विन पुरे म्हणतात. खरं आहे का?

प्रतिसाद १
आधी मलेरिया. क्लोरोक्विनवर अजिबात विसंबू नका, आफ्रिकेतला फाल्सिपेरम हा घातक प्रकारचा मलेरिया त्याला दाद देत नाही. नैरोबी उंचावर असल्याने तिथे धोका कमी, पण मारा आणि मोंबासासाठी गोळी हवीच. डॉक्सीसायक्लिन दिली तर जायच्या एक-दोन दिवस आधीपासून, तिथे रोज आणि परतल्यावर चार आठवडे घ्यायची. भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवसच लागते, पण महाग पडते. संध्याकाळपासून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. मारात गडद निळा आणि काळा रंग टाळा, चावणाऱ्या त्सेत्से माश्या त्या रंगांकडे येतात. आणि परतल्यावर कधीही ताप आला तर डॉक्टरांना आधी केनिया सांगा.

प्रतिसाद २
ताई, आठवड्यातून एकदा घ्यायची संधिवाताची गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट तर नाही ना? पाकीट बघा. ते औषध प्रतिकारशक्ती दाबतं आणि ही लस जिवंत विषाणूची असते, तेव्हा वयापेक्षा तो प्रश्न मोठा आहे. अंड्याची अ‍ॅलर्जी किंवा थायमस ग्रंथीचा आजार असेल तर तेही सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. लस द्यायची नाही असं ठरलं तर डॉक्टर तसा वैद्यकीय दाखला देतात, पण त्यामुळे विलगीकरण टळेलच असं धरून चालू नका. सरकारी लसीकरण केंद्रावर आधीच विचारून घ्या. लस मिळते तीही अशा मान्यताप्राप्त केंद्रांवरच, कुठल्याही दवाखान्यात नाही.

धागाकर्ती
पाकीट पाहिलं. मेथोट्रेक्सेटच आहे. फॅमिली डॉक्टरांना आम्ही बीपीचंच सांगितलं होतं, संधिवाताचे डॉक्टर वेगळे आहेत. उद्या सकाळी दोन्ही चिठ्ठ्या घेऊन त्यांच्याकडे जातेय, मलेरियाची गोळीही त्यांनाच विचारून ठरवेन. बाबांना अजून काही बोलले नाहीये. अशा अवस्थेत दाखला घेऊन कुणी केनियाहून परत आलं असेल तर विमानतळावर काय झालं ते कृपया लिहा.