सातवीच्या वर्गात अर्थव्यवस्था चालवायची तर पगार-दंड हवा की सौदे?

सातवी_ब:
पुण्यात कोथरूडला मराठी माध्यमात शिकवते. दुसऱ्या सत्रात वर्गात छोटी अर्थव्यवस्था चालवायची आहे. चलन म्हणून शिक्का मारलेले चिंचोके. फळा, ग्रंथपेटी, हजेरीपट अशी कामं वाटून द्यायची आणि शनिवारी पगार. बाकाला भाडं. उशिरा आलं किंवा गृहपाठ नसला की दंड. महिनाअखेर लिलाव: पेन्सिली, खिडकीजवळची जागा, मैदानावरचा एक जादा तास. हे सगळं दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला हातात घेऊन करता येईल असं लिहूनही ठेवायचं आहे. मतं द्या. ‘स्तुत्य उपक्रम’ नको.

दुपारची_पाळी:
भाडं आणि दंड दोन्ही काढा. आमच्या वर्गात खोलीचं भाडं थकलं म्हणून वर्षात दोनदा घर बदललेली मुलं आहेत. त्यांनी शाळेतही बाक सोडायचा? आणि दंडाबद्दल इस्रायलमधल्या हैफाच्या पाळणाघरांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. पैसे भरले की अपराधीपणा संपला! पुढे दंड बंद केला तरी उशीर कमी झाला नाही. तुमच्याकडे पाच चिंचोके टाकून गृहपाठ बुडवणारा पहिल्याच आठवड्यात निघेल.

सातवी_ब:
निघू दे की. तोच धडा आहे. किंमत लावली की वागणं कसं बदलतं ते मुलांनीच आकड्यांत टिपावं. भाड्याचं पटलं, ते काढते. पगार मात्र राहणार.

गणिताचा_तास:
धडा आहे, पण त्यासाठी अख्खं सत्र आणि वर्गाची शिस्त पणाला कशाला? दोन तासांत होणारी गोष्ट सांगतो: वर्गातच सौद्यांचा बाजार. अर्थशास्त्रज्ञ चेंबरलिन यांनी १९४८ मध्ये हार्वर्डच्या वर्गात असा बाजार केल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांचे विद्यार्थी व्हर्नन स्मिथ यांनी नियम बदलून तो पुढे नेला आणि २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलं. आठ विक्रेते, आठ गिऱ्हाइकं. विक्रेत्यांच्या चिठ्ठ्यांवर खर्च: १०, १५, २० असं ४५ पर्यंत. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवर जास्तीत जास्त किती द्यायचे ते: ५०, ४५, ४० असं १५ पर्यंत. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. प्रत्येकाला एका फेरीत एकच सौदा, तोट्यात करायचा नाही, आणि बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं. सौदा ठरला की भाव फळ्यावर. चिठ्ठ्या त्याच ठेवून तीन-चार फेऱ्या घ्या. पहिल्या फेरीत भाव कुठेही उडतात, नंतर तिसाच्या आसपास येऊ लागतात. तीस कुणीच ठरवलेले नसतात. मुलं अक्षरशः चक्रावतात.

चिंचोक्यांचा उपयोग दुसऱ्या तासाला. प्रत्येकाला दहा देऊन तीन वस्तूंचा लिलाव. मग वीस देऊन त्याच तीन वस्तू. भाव का चढले, हे सांगावं लागत नाही. (शनिवारी पगार वाटत राहिलात, तर ही महागाई तुमच्याकडे आपोआप येईल.)

गुलटेकडी_पहाटे:
हा सगळा खोलीतला खेळ झाला. मुलांना मार्केट यार्डाच्या घाऊक बाजारात न्या, मग किरकोळ भावाच्या मंडईत. एकाच दिवशी कांद्याचा क्विंटलचा भाव आणि पाव किलोचा भाव लिहा, दोन्ही किलोवर आणा, मधला फरक शोधा. आडत (म्हणजे आडत्याची दलाली), हमाली, तोलाई, टेंपो, नासका माल, गाळ्याचं भाडं. २०१६ पासून भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून नाही, खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आला. मग ती शेवटी कुणाच्या खिशातून जाते? सातवीचं पोरगं हा प्रश्न सोडवू शकतं.

दुपारची_पाळी:
चाळीस मुलं पहाटे यार्डात? परवानगीपत्रं, बस, आणि हमालांच्या पायात येणारी पोरं. चौघांचा गट पालकांबरोबर जाऊ शकेल, वर्ग नाही.

सातवी_ब:
लिहिण्याबद्दल कुणीच बोललं नाही. तेच अडलंय.

दुपारची_पाळी:
कारण लिहिणं म्हणजे काय होतं ते माहीत आहे. फोटो काढा, गटावर टाका, अहवाल अपलोड करा. मुलांची प्रकल्पवही आई लिहिते, चित्रं अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून येतात. आकारिक मूल्यमापनात गुण पूर्ण!

गणिताचा_तास:
म्हणून वही घरी जाऊच द्यायची नाही. दोन मुलं नोंदणीला बसवा: फेरी, सौद्याचा क्रमांक, भाव, आणि शेवटी दोघांच्या चिठ्ठ्या. आलेख त्यातूनच निघतो. शिक्षकाच्या टिपणात मुलं किती, चिठ्ठ्यांवरचे आकडे, लागलेली मिनिटं, कोणता नियम मुलांना कळला नाही आणि मग तो कोणत्या शब्दांत सांगितला. शेवटचं सगळ्यात मोलाचं, आणि कुठल्याच अहवालात ते नसतं. फोटो एकही नको.

सातवी_ब:
ठीक. आधी सौदे, मग चिंचोक्यांचे दोन लिलाव. गृहपाठाचा दंड दोनच आठवडे, आधीची आणि नंतरची नोंद ठेवून. यार्डाचे भाव ज्यांचे पालक तिथे कामाला आहेत ती मुलं आणतील. पगाराचं अजून सोडलेलं नाही.

दुपारची_पाळी:
दंड संपल्यावरही दोन आठवडे नोंद ठेवा. हैफात खरी गंमत तिथेच होती.