तिसरी गाडी कमिन्स इंजिनाचीच घ्यावी का? टाटाकडे इवेको आल्यावर पार्टचं काय?

दोनगाड्या, गोकुळ शिरगाव

नमस्कार मंडळी. वडिलांच्या दोन ट्रक गाड्या गेली चार वर्षं मी बघतोय. शिरोलीतनं कास्टिंग भरायचं, चाकण-भोसरीला उतरवायचं, येताना मिळेल तो माल. महिन्यातनं दोनदा होस्पेटहून पिग आयर्न. दोन्ही गाड्या टाटाच्या, एकीत टाटाचं जुनं ६९७ इंजिन, दुसरीत कमिन्सचं. आता तिसरी घ्यायची आहे. नवी परवडत नाही, म्हणून २०१८-१९ ची सेकंडहँड बघतोय.

वडील म्हणतात, खंबाटकी चढायची तर कमिन्सच. आमचा मेस्त्री म्हणतो, टाटा आता इटलीची इवेको घेतंय, तिचं स्वतःचं इंजिन आहे, मग कमिन्सला कोण विचारणार? तुझे हप्ते फिटायच्या आत पार्ट मिळायचे बंद होतील. हे ऐकल्यापासून झोप नाही. कंपनीचा मालक बदलला की इंजिनाचं नक्की काय होतं? आणि कमिन्स टाटाचीच कंपनी ना?

उद्यमनगर_मशिनशॉप

भावा, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. कमिन्स टाटाची नाही. ती अमेरिकेतली, इंडियाना राज्यातल्या कोलंबसची, १९१९ सालची कंपनी. स्वतःचा ट्रक बनवत नाही, इंजिन बनवून ट्रकवाल्यांना विकते. आपल्याकडे १९६२ ला आली ती किर्लोस्करांबरोबर, किर्लोस्कर कमिन्स म्हणून, पुण्यात कोथरूडला. पुढं किर्लोस्करांचं नाव गेलं आणि ती कमिन्स इंडिया झाली.

पण तुझ्या गाडीतलं इंजिन त्या कंपनीचंही नाही. १९९३ ला टाटा आणि अमेरिकेतल्या मूळ कमिन्सनं निम्म्या-निम्म्या भागीदारीत टाटा कमिन्स काढली. कारखाना जमशेदपूरला, नंतर आपल्या शेजारी फलटणलाही. म्हणजे ते इंजिन निम्मं टाटाच्या घरचं आहे. स्वतःचा पैसा घातलेला कारखाना कुणी सहज बंद करत नाही.

आता इवेको. टाटा मोटर्सनं जुलै २०२५ मध्ये सुमारे ३.८ अब्ज युरोला ती घेण्याचं जाहीर केलं, तिचा संरक्षणाचा धंदा वगळून. तिच्याबरोबर एफपीटी ही इंजिनांची कंपनी येते, तिथवर मेस्त्रीचं बरोबर आहे. पण उद्याच्या नव्या गाडीत कुठलं इंजिन बसणार हा एक प्रश्न आणि रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला पार्ट मिळणार का हा दुसरा. त्यानं दोन्ही एकात घातलेत.

तुझ्याच दारातलं ६९७ बघ. टाटाचा डेमलर-बेंझशी, म्हणजे मर्सिडीजवाल्यांशी, करार झाला १९५४ ला आणि संपला १९६९ ला. ६९७ चं मूळ त्याच मर्सिडीजच्या घराण्यातलं. करार संपून पन्नास वर्षं उलटली, तरी माझ्या शॉपवर आजही महिन्याला दोन-तीन हेड त्या इंजिनाची फेसिंगला, म्हणजे तोंड सपाट करायला, येतात. लायनर, पिस्टन, व्हॉल्व्ह गाइड, जे मागाल ते मिळतं.

इवेकोही भारतात पहिल्यांदा येत नाही. १९८७ ला हिंदुजांनी अशोक लेलँड घेतली तेव्हा भागीदार इवेकोच होती. लेलँडची कार्गो गाडी तिच्याकडूनच आली. वीस वर्षांनी इवेको बाहेर पडली, लेलँडचं काही अडलं नाही. आणि लेलँड हे इंग्लंडमधल्या गावाचं नाव. तिथला ट्रकचा कारखाना १९९८ पासून अमेरिकेतल्या पॅकारकडे आहे, तिथं पॅकारच्याच डाफ नावाच्या गाड्या निघतात. नाव चेन्नईत राहिलं, कारखाना तिकडं दुसऱ्याचा झाला.

मालक बदलल्याचा खरा त्रास कुठं होतो ते सांगतो, कारण तो मी भोगलाय. वडिलांनी इथं पहिला लेथ टाकला, मी एकतीस वर्षं फ्लायव्हील हाउसिंग आणि हेडचं काम करतोय. आमचं एक मोठं गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीनं घेतलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं नाव बदललं, पार्ट नंबर बदलला. खरेदी खात्यातली ओळखीची माणसं गेली, नव्यांनी पहिल्यापासून सॅम्पल मागितले. बोअर तोच, टॉलरन्स तोच, एका मायक्रॉनचा फरक नाही. पण मंजुरीत पाच महिने गेले आणि तेवढे दिवस ऑर्डर बंद. दोन पोरांना घरी बसवावं लागलं, एकाचं नुकतंच लग्न झालेलं. ते अजून मनातनं जात नाही.

तुझ्या बाजूला हेच काउंटरवर दिसतं. जुना नंबर सांगितला की माणूस ‘नाही’ म्हणतो. पार्ट असतो, नव्या नंबरानं पडलेला असतो. म्हणून जुना-नवा दोन्ही नंबर वहीत लिहून ठेव.

शिरोलीनाका_गॅरेज

काकांचं बरोबर, फक्त एक जोडतो. मालकापेक्षा रस्त्यावर गाड्या किती आहेत ते बघा. महिंद्रानं २००५ ला अमेरिकेच्या नेव्हिस्टारबरोबर ट्रक सुरू केले, २०१२ च्या शेवटी नेव्हिस्टार निघाली. ७.२ लिटरचं इंजिन एमपॉवर नावानं महिंद्राकडं चालू राहिलं. तिकडं नेव्हिस्टार स्वतःच २०२१ ला फोक्सवॅगनच्या ट्रेटनमध्ये गेली. महिंद्राच्या गाड्या पळतच होत्या.

उलट एक परदेशी कंपनी इथलं उत्पादन थांबवून गेली, गाड्या थोड्याच विकलेल्या. तिची एक गाडी माझ्याकडं एका सेन्सरसाठी तेवीस दिवस उभी होती. मालक रोज संध्याकाळी येऊन बोनेटवर हात ठेवून उभा राहायचा.

२०१८-१९ ची म्हणजे बीएस-४, धुराच्या प्रदूषणाच्या तेव्हाच्या नियमाची गाडी आली. टाटा-कमिन्समध्ये धूर साफ करायला युरिया आहे. युरियाचा पंप, नोझल आणि नॉक्स सेन्सर आधी तपासा, खर्च तिथं निघतो. वायर तोडून युरिया बंद केलेली गाडी दिसली तर हात जोडून परत या. लेलँडनं बीएस-४ ला आयईजीआर दिलं होतं, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवायचा, त्यात युरिया नाही. घरात नुसता टाटाचाच हट्ट नसेल तर तीही बघून घ्या.

दोनगाड्या, गोकुळ शिरगाव

काका, दादा, मनापासून आभार. वडिलांना सगळं वाचून दाखवलं. मर्सिडीजचं ऐकून ते उठून अंगणात गेले आणि जुन्या गाडीचं हूड उघडून बघत बसले.

कागलला एक गाडी बघितली आहे, २०१९ ची, मालक इंजिन उघडलेलं नाही म्हणतो. आरसीवरचा इंजिन नंबर घेतलाय. तेवढा पुरतो का?

उद्यमनगर_मशिनशॉप

नाही पुरत. इंजिनावर कमिन्सची पाटी असते, गिअर हाउसिंगवर किंवा रॉकर कव्हरवर बघ. ग्रीस पुसून फोटो काढ. त्यात ईएसएन म्हणजे इंजिनाचा सिरियल नंबर आणि खाली सीपीएल, म्हणजे त्या इंजिनात कुठले पार्ट बसवलेत त्या यादीचा नंबर, असं दोन्ही असतं. एकाच ५.९ लिटरच्या कमिन्समध्ये सीपीएलप्रमाणं पिस्टन आणि टर्बो वेगळा येतो, त्यामुळं पार्ट मागताना हे दोन्ही नंबर लागतात. ईएसएन आरसीशी जुळव. पाटीच नसेल किंवा रिव्हेट नवे दिसत असतील तर व्यवहार थांबव आणि मला कळव. टोकन देण्याआधी गाडी इकडं घेऊन ये, हेडचे बोल्ट कधी खोललेत का ते बघून सांगतो. पैसे नकोत त्याचे.