सैन्याची हरित प्रात्यक्षिके : सरकारी पैसा सत्कारणी की पाण्यात?

खारा वारा (धागाकर्ता) :
परवा एका गटात कुणी गृहस्थांनी लिहिले की, लडाखमध्ये चुशूलला सौरऊर्जा आणि हायड्रोजनवर वीजनिर्मिती करण्यापेक्षा तोच पैसा तोफगोळ्यांवर खर्च करावा, कारण सैन्याचे काम लढणे आहे, पर्यावरणाचे लाड पुरवणे नव्हे. त्याखाली ‘वा, वा’चा पाऊस पडलेला पाहून हे सविस्तर लिहितो आहे. चुशूल सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात तिथे पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो आणि जनरेटरमध्ये पडणारे प्रत्येक लिटर डिझेल डोंगर चढवून न्यावे लागते. एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा २०० किलोवॅटचा प्रकल्प हे जनरेटर हटवण्यासाठी आहे. याला लाड म्हणायचे असेल, तर जवानांना गरम कपडे देणे हेही लाडच ठरतात.

मूळ प्रश्न संशोधन आणि खरेदी यांच्या मधल्या टप्प्याचा, म्हणजे प्रत्यक्ष तळावर करून पाहण्याच्या प्रात्यक्षिकाचा आहे. संशोधनाला अनुदान मिळते, सिद्ध झालेल्या वस्तूला गिऱ्हाईक मिळते. पण प्रत्यक्ष तळावर न तपासलेली वस्तू कोणताही अधिकारी आपल्या सहीने विकत घेत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने नेमक्या याच टप्प्यासाठी १९९५ मध्ये ईएसटीसीपी हा पर्यावरणविषयक तंत्रज्ञान प्रत्यक्ष तपासून पाहणारा कार्यक्रम सुरू केला. उदाहरणार्थ, जुन्या सराव मैदानांत पुरलेले न फुटलेले बॉम्ब शोधताना साधा धातुशोधक वाजला की खणावे लागे आणि बहुतेक खड्ड्यांतून निरुपद्रवी भंगारच निघे. अलाबामातल्या कॅम्प सिबर्टपासून या कार्यक्रमाने भंगार आणि बॉम्ब न खणता वेगळे ओळखण्याच्या चाचण्या घेतल्या. आपल्याकडे नव्या संरक्षण तंत्रज्ञानासाठी उद्योगांना अनुदान देणाऱ्या डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीची प्रतिप्रकल्प मर्यादा २०२२ मध्ये १० कोटींवरून ५० कोटी झाली. त्यात पर्यावरण आणि ऊर्जेसाठी राखीव वाटा असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

गिरगावकर :
आपण सोयीची बाजू मांडलीत. त्याच अमेरिकेच्या नौदलाने २०१२ च्या सरावासाठी सुमारे साडेचार लाख गॅलन जैवइंधन १ कोटी २० लाख डॉलरना घेतले, म्हणजे गॅलनला २६ डॉलरहून अधिक, जेव्हा नेहमीचे इंधन चार डॉलरच्या आत मिळत होते. आपल्या हवाई दलाचे एएन-३२ विमानही डिसेंबर २०१८ मध्ये दहा टक्के जैवइंधन मिसळलेल्या इंधनावर उडाले आणि पुढच्याच महिन्यात प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात दिसले. छायाचित्रे उत्तम आली, याबद्दल वाद नाही. शिवाय चुशूलचा प्रकल्प एनटीपीसी पंचवीस वर्षे सांभाळणार आहे. मग त्याला प्रात्यक्षिक कसे म्हणता?

मालाड पश्चिम :
आमच्या इमारतीचा पुनर्विकास शेजारच्या लष्करी आस्थापनेच्या ना-हरकतीवाचून अडला आहे. एवढी मोकळी जागा आणि एवढी छपरे ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी सौरपट्ट्या स्वतःच्या खर्चाने बसवाव्यात.

यार्डातला :
सैन्याचे तंत्रज्ञान जनतेला मिळते, असे पुढे कुणी लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. सियाचीनसारख्या थंडीत मैला कुजत नाही, म्हणून डीआरडीओने जिवाणूंची टाकी तयार केली, आणि रेल्वेने तीच कल्पना घेऊन डब्यांखाली अडीच लाखांहून अधिक जैवशौचालये बसवली. मी मुंबईतल्या एका यार्डात डब्यांच्या देखभालीवर होतो. उत्तरेकडून गाडी आली की आकडा लावलेली सळई घेऊन आम्ही वाकड्या नळीत अडकलेल्या पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या आणि कापडाचे बोळे ओढून काढत असू. जिवाणू बिचारे काम करायला तयार होते, पण त्यांच्यापर्यंत काही पोहोचेल तेव्हा ना!

खारा वारा :
हा दोष तंत्रज्ञानाचा नसून प्रवाशांचा आहे. शौचालयात बाटली टाकणाऱ्या माणसाला कोणता शास्त्रज्ञ सुधारणार?

यार्डातला :
आपण बहुधा वातानुकूलित डब्यातूनच प्रवास करत असावात. जनरलच्या डब्यात कचऱ्याचा डबा नसतो, नळाला पाणी नसते आणि शौचालयातही माणसे बसलेली असतात. बाटली कुठे टाकायची, खिशात? शिस्तीत राहणाऱ्या जवानांच्या चौकीवर यशस्वी झालेली टाकी त्या डब्याखाली टिकेल, हे गृहीत धरणाऱ्यांना आपण दोष देत नाही. ज्याच्याकडे आरक्षण नाही, त्याला देता.

गिरगावकर :
२०१७ च्या कॅगच्या अहवालातही तुंबलेल्या जैवशौचालयांच्या तक्रारी आहेत. धागाकर्त्यांनी तोही चाळावा.

खारा वारा :
चाळला आहे, धन्यवाद. पूर्वी रुळांवर पडणारी घाण आणि त्याने गंजणारे रूळ यांची आठवण आपणा दोघांनाही येत नाही, याची गंमत वाटते. तरीही, यार्डातले महोदय जिंकले असे समजून त्यांनी आजचा चहा माझ्याकडून घ्यावा : चौकीवरची चाचणी गाडीला पुरत नाही, गाडीची चाचणी गाडीतच व्हायला हवी. पण याचा अर्थ प्रात्यक्षिकावर आणखी पैसा लागतो, कमी नव्हे. म्हणजे आपण माझ्याच बाजूने बोलत होतात.

यार्डातला :
चहा नको. पैसा द्या, पण सळई धरणाऱ्याचा शेरा त्या चाचणीच्या अहवालात छापणार असाल तरच.

गिरगावकर :
आणि चुशूलचा पहिला पूर्ण हिवाळा गेल्यावर किती डिझेल वाचले, हा आकडाही जाहीर करा. अमेरिकेचा तो कार्यक्रम आपले अहवाल लोकांसमोर ठेवतो. तेवढी नक्कल केलीत, तर माझा विरोध तूर्तास स्थगित.