फेब्रुवारीत सायकलने शिमला ते काझा

प्रश्न: नमस्कार. येत्या फेब्रुवारीत किन्नौरमार्गे शिमला ते काझा (हिमाचलमधील स्पिती खोरे) हा प्रवास सामानासह सायकलने करण्याचा माझा विचार आहे. सह्याद्रीतील घाटांचा सराव असला, तरी बर्फावर सायकल कधी चालवलेली नाही. कपडे आणि टायर यांबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १: मार्ग योग्य निवडलात, कारण मनालीकडून येणारी वाट कुंझुम खिंडीतील बर्फामुळे हिवाळ्यात बंद असते. थंडीपेक्षा घामाची काळजी अधिक घ्यावी. चढावर अंगातले कपडे ओले झाले, की उतारावरच्या वाऱ्याने काही मिनिटांतच हुडहुडी भरते. म्हणून चढ सुरू होण्यापूर्वीच एक थर उतरवावा आणि माथ्यावर थांबताक्षणी जाकीट चढवावे. सुती बनियन मुळीच नको, लोकरीचे असावे. पाण्याची बाटली उलटी ठेवावी. पाणी वरून गोठत असल्याने तोंड मोकळे राहते.

उत्तर २: टायर धातूचे खिळे बसवलेलेच घ्या. वाटेतल्या नाको गावाजवळच्या सावलीतल्या एका वळणावर, रस्ता नुसता ओला आहे असे समजून मी ब्रेक दाबला आणि काचेसारख्या बर्फावरून थेट कठड्यापर्यंत घसरत गेलो. फ्रीव्हीलमधले (मागच्या चाकाला एकाच दिशेने ओढणारा भाग) जाड ग्रीस काढून पातळ तेल घालून घ्या. कडाक्याच्या थंडीत ग्रीस घट्ट झाले, की आतले कुत्रे (दात्यांत अडकून चाक फिरवणारे छोटे खटके) अडकत नाहीत आणि पॅडल नुसतेच फिरते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. रात्री पॉवर बँक कुठे ठेवावी?

उत्तर १: स्लीपिंग बॅगेत, अंगाजवळ. ओले हातमोजेही तिथेच ठेवावेत.