निम्म्यापर्यंत कशाला जायचं?

वर कोणीतरी म्हटलंय की मूळ अवयव (ज्यांना १ आणि स्वतःशिवाय कशानेच भाग जात नाही असे) काढायला संख्येच्या निम्म्यापर्यंत भागत बसावं लागतं, अहो एवढं कुठे, वर्गमुळापर्यंत पुरे, दोन्ही अवयव त्याच्यापेक्षा मोठे असले तर गुणाकारच बाहेर जाईल ना. आमच्या म्हापशाचा पिनकोड घ्या, ४०३५०७. शुक्रवारच्या बाजारात बायको मिरच्यांचा भाव करत होती तेवढ्यात बघितलं. २, ३, ५ नाहीच, ७ ने ६ उरतात, ११ पण फेल, १३ ने मात्र बरोब्बर ३१०३९! आणि ४०३५०७ च्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६३५ पर्यंत जायचं होतं, ते एकदम ३१०३९ च्या वर्गमुळावर, १७६ वर आलं. मग परत १३ पासूनच सुरू (१३ ने पुन्हा भाग जाऊ शकतो, हे बरेच जण विसरतात), १७३ पर्यंत एकही लागला नाही, म्हणजे ३१०३९ स्वतःच मूळ. शेवटचे भागाकार मोबाईलवर केले, खोटं कशाला बोलू.