जुनी जीएल: निदान घरी करावं की थेट गॅरेजात न्यावी?

पर्वरीचा_पाना

वाद घालायचाच आहे, म्हणून सरळ लिहितो. 2010-11 ची मर्सिडीज जीएल 350 ही डिझेल एसयूव्ही किंवा त्याच पिढीतली एमएल ज्याच्या दारात आहे, त्याने निदान स्वतः करायला शिकलंच पाहिजे. नटबोल्ट कोणीही फिरवो. एवढंही जमत नसेल तर गाडी विकावी, इनोव्हा घ्यावी आणि सुखाने झोपावं.

या गाड्या आपल्याकडे गोव्यात स्वस्तात मिळतात याचं एक कारण दिल्ली. तिथे 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आली, 2018 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, आणि तिकडचा माल इतर राज्यांत निघाला. नवी असताना अर्ध्या कोटीच्या पलीकडची गाडी आता नव्या हॅचबॅकच्या भावात दारात येते. सुट्या भागांचे भाव मात्र अजून तिच्या मूळ किमतीलाच शोभणारे आहेत. त्यामुळे बिघडलेल्या भागापेक्षा चुकून बदललेला चांगला भागच मालकाला जास्त बुडवतो.

एअर सस्पेन्शनच घ्या, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे. सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. गॅरेजात नेली की पहिलं वाक्य ठरलेलं, "कंप्रेसर गेला." गेलेला असतोही, पण का गेला? रबरी फुग्याला बारीक चीर पडते, रात्रभर हवा जाते, सकाळी हवा भरणारा कंप्रेसर प्रमाणाबाहेर चालतो, त्याला चालू-बंद करणारा रिले चिकटतो, मोटर जळते. चीर तशीच ठेवून नवा कंप्रेसर बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार. तपासायचं कसं? चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने रात्री मोजा, सकाळी पुन्हा मोजा. जो कोपरा उतरला तिथे साबणाचं पाणी मारा आणि बुडबुडे बघा. याला पदवी लागत नाही. या गाडीत मागे फुगा वेगळा, शॉक वेगळा. पुढे दोन्ही एकाच स्ट्रटमध्ये. मागची गळती थोडक्यात भागते, पुढची खिसा कापते. गॅरेजात पाय ठेवण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

दुसरं उदाहरण ऑईलचं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून ऑईल टपकतं. माझ्या ओळखीतल्या एकाला गिअरबॉक्स उतरवून इंजिनाच्या मागच्या टोकाचं क्रँक सील बदलायला सांगितलं होतं. या 3 लिटर व्ही6 डिझेलमध्ये ऑईल कूलर सिलिंडरच्या दोन्ही रांगांच्या मधल्या खाचेत, टर्बोच्या खाली बसतो. त्याची सीलं वयाने कडक होतात, ऑईल खाचेत साचतं आणि मागून खाली उतरतं. दिसतं मात्र गिअरबॉक्सपाशी. बॅटरीचा दिवा आणि आरसा घेऊन खाचेत डोकावलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. सीलं स्वस्त आहेत, मजुरी नाही. ते काम मी घरी करणार नाही. पण काम कुठलं आहे ते मी सांगणार.

आणि अपग्रेडबद्दल: सनरूफमधून पाणी गळत असताना अँड्रॉइड स्क्रीन बसवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

मडगावचा_घोडा

मी गॅरेज चालवतो, तेव्हा माझ्या बाजूने लिहिणार हे धरूनच वाचा.

पाना भाऊ, तुम्ही लिहिलंत ते चुकीचं नाही. पण तुमच्यासारखा एक येतो तेव्हा दुसरे दहा कसे येतात ते सांगतो. सातशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) घेतलेला असतो, त्यावर एक कोड दिसतो, तो कोड इंटरनेटवर टाकून भाग मागवलेला असतो, आणि डबा हातात देऊन म्हणतात, "हा फक्त बसवा." कोड म्हणजे निदान नव्हे. कोड फक्त एवढंच सांगतो की अमुक सेन्सरचं वाचन हद्दीबाहेर गेलं. सेन्सर खराब आहे, वायर गंजली आहे की व्होल्टेज पडलं आहे, ते मीटर लावल्याशिवाय कळत नाही. शिवाय ते सातशेचं खेळणं इंजिनपुरतं बोलतं. सस्पेन्शन, एअरबॅग, दाराचे मॉड्यूल (छोटे कंप्यूटर) वाचायला कंपनीची भाषा येणारा स्कॅनर लागतो.

याच गाडीत मुख्य बॅटरी पुढच्या सीटखाली असते. लोक सीट सोडवतात, पिवळा कनेक्टर ओढतात, इग्निशन चालू करून बघतात, आणि एअरबॅगचा दिवा लागला की माझ्याकडे येतात. पिवळी वायर म्हणजे एअरबॅगची वायर. त्यात बॅटरी केबिनच्या आत, म्हणून तिला वाफ बाहेर नेणारी नळी आहे. बाजारातली साधी बॅटरी नळीशिवाय आत ठेवलेली मी पाहिली आहे. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन मग कुठे जाणार?

आणि एअर सस्पेन्शनची गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरणाऱ्याला मी गॅरेजात उभा करत नाही. फुगा सुटला तर गाडी सांगून खाली येत नाही. दोन घोड्या (गाडीखालचे लोखंडी टेकू) लावा, मग बोला.

फोंड्याचा_फिल्टर

पान्याने भांडण लावलं आणि घोड्याने फॅक्टरी मॅन्युअल वाचून दाखवलं. मजा येतेय, चालू द्या.

पर्वरीचा_पाना

घोडा काका, कोड म्हणजे निदान नव्हे हे शंभर टक्के मान्य. पण हे मालकाला कळलं तरच तो डबा घेऊन येणार नाही ना? म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडली. माझी यादी मीटरपासूनच सुरू होते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीचं व्होल्टेज बघा. 12.6 च्या आसपास असेल तर ठीक. 12 च्या जवळ आलं असेल तर स्कॅनरला हात लावू नका, आधी बॅटरी चार्ज करा. व्होल्टेज कमी असलं की पाच-सहा मॉड्यूल एकदम रडतात, आणि भोळा मालक पाच-सहा भाग मागवतो.

वास्को_तारवटी

अर्धं आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलं, तेव्हा मला डिझेलची भीती दाखवू नका. माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. गोव्यात एअर सस्पेन्शन ठेवायचंच कशाला? वर्षाला 3 हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, वास्को-दोना पावला पट्ट्यात खारा वारा, आणि आत लाल चिखल. रबर, ॲल्युमिनियम आणि कनेक्टर या तिन्हींचे हे शत्रू. कॉइल स्प्रिंगचं कन्व्हर्जन किट मिळतं, एकदा खर्च करा, विषय संपला. आणि इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेतल्या, फ्लॅपची मोटर ऑईल पिऊन मेली असेल तर 4.7 किलो-ओहमचा रेझिस्टर लावा, दिवा विझतो. नव्या मोटरसाठी अर्धं इंजिन उघडायचं कशाला?

पर्वरीचा_पाना

तारवटी बाब, इथे मात्र मी घोडा काकांच्या बाजूला जातो. तुम्ही म्हणता त्याला मी दुरुस्ती म्हणत नाही. रेझिस्टरने कंप्यूटरला वाटतं की मोटर जिवंत आहे, बस्स. फ्लॅप कुठल्या अवस्थेत अडकले आहेत ते कोणी बघितलं? बंद अवस्थेत अडकले असतील तर वरच्या आरपीएमला इंजिनला हवा पुरत नाही, आणि दिवा विझलेला असल्याने मालक टर्बोवर संशय घेत बसतो. ऑईल त्या मोटरवर येतं ते टर्बोच्या तोंडाशी ब्रीदरचं (इंजिनातली वाफ काढणाऱ्या नळीचं) सील सुकतं म्हणून. आधी ते सील बदला. ते काम घरी होतं, आणि भाग चहा-भजीच्या पैशात येतो.

कॉइलबद्दल: जीएल सात माणसांची गाडी. एअर असताना मागे तीन माणसं आणि सामान भरलं तरी पाठ सरळ राहते. कॉइलवर एकच उंची मिळते. रिकामी असताना ताठ, भरली की मागे बसलेली. दिवाडीच्या फेरीबोटीच्या रॅम्पवर गाडी उचलून घ्यायची सोय आहे म्हणून तर मी ही गाडी घेतली.

आल्तिनो_फाईल

तांत्रिक वादात पडत नाही, पण कागदाचं सांगायला हवं. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 9 जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं आहे. हवेच्या जागी कॉइल बसवणं त्यात बसतं की नाही यावर वकील भांडतील, पण अपघातानंतर विमा कंपनीशी ते भांडण करायची तुमची तयारी आहे का? पुढचा लोखंडी बुलबार तर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच बेकायदा ठरवलाय. हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब टाकणाऱ्यांबद्दल मी समोरून येणारा माणूस म्हणून बोलतो: चोगम रोडवर रात्री डोळे फुटतात.

आणखी एक. 2010-11 च्या गाड्यांची 15 वर्षं आत्ता भरत आहेत. आरसीचं नूतनीकरण, त्याआधी फिटनेस. एप्रिल 2022 पासून साध्या कारला 5 हजार फी, आरसीवर आयात गाडी अशी नोंद असेल तर 40 हजार. अपग्रेडचं बजेट काढण्याआधी हा आकडा बाजूला ठेवा.

वास्को_तारवटी

कागद मान्य. फिटनेसला गाडी एका बाजूला बसलेली नेलीत तर काय होईल तेही सांगा. माझी कॉइलवर निदान सरळ उभी राहील.

डिचोलीची_विहीर

तुम्ही सगळे पुरुष मंडळी स्ट्रट आणि कलमं मोजत आहात, म्हणून एक प्रश्न. घरी ऑईल बदललंत, मग जुनं ऑईल गेलं कुठे? आमच्या शेजाऱ्यांनी माडाच्या आळ्याजवळ ओतलं. आपली जमीन जांभ्या दगडाची, पाणी झिरपून खाली जातं, आणि विहीर बारा पावलांवर. या इंजिनात आठ लिटरच्या वर ऑईल मावतं असं घरच्या तज्ज्ञाने अभिमानाने सांगितलं होतं. पाण्यावर तवंग बघायची वेळ येऊ नये म्हणून मीच नंतर कॅन आणून ठेवला.

दुसरं, वेळेचा हिशेब कोणीच मांडत नाही. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली की अंगणात मांडव, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणि पाहुणे. त्यात मधोमध घोड्यांवर चढवलेली गाडी, कारण "भाग पुण्याहून बसने येतोय." घरच्या मजुरीला पैसे पडत नाहीत म्हणून ती फुकट होत नाही.

पर्वरीचा_पाना

ताई, ऑईलचं तुमचं बरोबर, त्यावर वाद नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजात द्यायचं, त्यांच्याकडचं जुनं ऑईल पुनर्प्रक्रियावाले उचलतात. खरं तर घरी ऑईल बदलण्यात फारशी बचत नाहीच. घरी काय करावं त्यात मी ते धरतही नाही. एअर फिल्टर, केबिन फिल्टर, पाण्याच्या वाटा, बॅटरी, उंची मोजणं, वायरींचं गंज काढणं, एवढंच माझं घरचं काम. मांडवाला अडचण होईल असं काही त्यात नाही.

पाण्याच्या वाटांवर जरा थांबतो, कारण गोव्यात माझ्या मते हेच पहिलं काम. सनरूफच्या चौकटीला कोपऱ्यांत नळ्या असतात, त्या खांबातून खाली पाणी सोडतात. आंबा किंवा चिंचेखाली गाडी उभी करणाऱ्यांच्या नळ्या पानांच्या कचऱ्याने भरतात. मग पाणी छताच्या कापडातून उतरतं, गालिच्याखाली साचतं, आणि सीटखाली बॅटरी, वायरी, जोडण्या त्यातच बुडतात. गालिचा वरून कोरडा लागतो, खालचा फोम मात्र ओला असतो. हात दाबून बघा. नळी साफ करताना कंप्रेसरची हवा मारू नका, आतला जोड निसटतो आणि मग छत उतरवावं लागतं. मासेमारीची जाड तंगूस (नायलॉनची दोरी) घ्या, टोक गोल करा, हळूहळू आत सरकवा. मग वरून तांब्याभर पाणी ओता आणि चाकाजवळ उतरतं का बघा. हे मे महिन्यात करा.

मडगावचा_घोडा

तंगूसचं बरोबर आहे. आम्हीही तेच वापरतो आणि त्याचे पैसे घेतो.

पण पाना, गिअरबॉक्सच्या ऑईलबद्दल इथे लिहून ठेवा, नाहीतर कोणी उत्साहात घरी हात घालेल. या 7 गिअरच्या ऑटोमॅटिकला रोजच्या वापराची डिपस्टिक नाही. ऑईलची पातळी ठराविक तापमानाला, इंजिन चालू ठेवून बघतात, आणि ते तापमान स्कॅनरवरच दिसतं. शिवाय मर्सिडीजच्या 236.14 मंजुरीचं ऑईल लागणारे बॉक्स आहेत आणि नंतरचे 236.15 वालेही आहेत. पहिलं लाल, दुसरं निळं, आणि दोन्ही एकत्र करणारे महाभाग आहेत.

म्हापसा_नवीन

सगळं वाचलं. मी जीएल बघून ठेवली आहे, मालक म्हणतो सगळं ओके. टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, नवे अलॉय, सगळं बसवलंय. घेऊ का?

फोंड्याचा_फिल्टर

अलॉय नवे म्हणजे फुगे जुने.

पर्वरीचा_पाना

रात्री त्याच्याच दारात उभी राहू दे, सकाळी गार इंजिनवर जा. गाडी सुरू करण्याआधी चारही कोपऱ्यांची उंची बघ. मग गालिचा दाब. मग खाली वाकून गिअरबॉक्सच्या जोडावर ओल आहे का बघ. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नव्या अलॉयवर जुने टायर चढवलेले असतात. त्यानंतर घोडा काकांकडे पूर्ण स्कॅन. त्याचे पैसे दे, घासाघीस करू नको.

मडगावचा_घोडा

आणा. पण स्कॅन म्हणजे स्कॅन, नंतर पान्याचं मत ऐकून माझ्याशी हुज्जत नको. आणि पाना, तुमच्या ऑईल कूलरचं काय ठरलं? दोन दिवस गाडी अडकेल. सीलं माझ्याकडची घालणार.

पर्वरीचा_पाना

सीलं मी मागवली आहेत, व्हिटॉन रबरची.

मडगावचा_घोडा

मग मजुरीची वॉरंटी देतो, सीलांची नाही. आणि त्या खाचेत दुसरं काही सुकलेलं निघालं तर तुमच्या आरशाला दिसलं नव्हतं असं बिलावर लिहीन.